फळ्यावर दुसरं काही लिहू नये

शनिवार दुपार, धुणं वाळत घालून

तीर्थरूप एनिडआत्यास,

भाची गेनरचा नमस्कार. वाकून करायला हवा, पण बसूनच करते आहे, कारण उजव्या गुडघ्याने या आठवड्यात संपच पुकारला आहे. तुझा खोकला कसा आहे? स्कारबरोच्या वाऱ्याने तो कमी झाला असं एका पत्रात लिहितेस आणि वाढला असं पुढच्या पत्रात, तेव्हा खरं काय ते एकदा कळव. मांजर आता नीट जेवतं का? शेजारच्या बाईंशी कुंपणावरून चाललेला वाद मिटला का, की तूच मिटू दिला नाहीस? इकडे आम्ही ठीक. रॉयने संधिवातासाठी कुठलासा हिरवा काढा सुरू केलाय. त्याने त्याचा संधिवात तसाच राहिला, पण माझी भूक गेली (वास फार उग्र आहे).

मागे तू विचारलं होतंस की कारखान्यात काय चाललंय आणि त्या 'समिती'चं पुढे काय झालं. उत्तराला इतका उशीर झाला, कारण मधे प्रकरण न्यायाधिकरणापुढे होतं, मी साक्षीदार होते, आणि अशा वेळी कागदावर काही लिहू नये असं रॉयचं मत पडलं. (रॉयला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो टीव्हीवर कोर्टाच्या मालिका बघतो, आणि मालिका बघणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.) आता निकाल लागलाय, तेव्हा सगळं सांगते. तू आपली गंमत म्हणून वाच. मी या सगळ्यातून बाहेर पडले आहे, कोणाशी भांडायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ब्रॅकनडेलचा कारखाना म्हाताऱ्या मालकाने विकला आणि नवे मालक आले, हे तुला माहीत आहेच. सोफे तेच, आम्हीही तेच, कुठला सोफा कुठल्या लॉरीत चढवायचा हे बघण्याचं माझं कामही तेच. नवी आली ती इमोजेन, मनुष्यबळ विभागाची प्रमुख. पोरगी खरंच चांगली. वाईट असती तर हे पत्र निम्म्यात आटोपलं असतं. तिच्या बोलण्याची तऱ्हा अशी, की प्रत्येक वाक्यानंतर आपल्या डोक्यावरून कोणीतरी हात फिरवल्यासारखं वाटावं आणि ती निघून गेल्यावर आपण नक्की कशाला हो म्हणालो ते आठवू नये. एके दिवशी माझ्या टेबलाखालचा हीटर कोणीतरी उचलून नेला. तो विचारायला मी वरच्या खोलीत गेले, तर तिथे खुर्च्या गोल मांडलेल्या आणि एक रिकामी. गुडघा दुखत होता म्हणून मी टेकले. तेवढ्याने घात झाला. इमोजेनने माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाली की बाई, पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्याने अधू, शिवाय पाळी जाऊन अंगाची लाही होण्याच्या वयातली, म्हणजे तुम्ही एकट्याच किती जणांचं प्रतिनिधित्व करता, गेनर. मी म्हटलं, मी हीटरसाठी आले आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशी विविधता आणि समावेशन समितीच्या अध्यक्षपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. हीटर आजतागायत सापडलेला नाही.

समितीत मी, इमोजेन, शिवणखात्यातली नसरीन, आणि उत्पादनाचा नवा व्यवस्थापक क्रेग. क्रेगला घेतला तो व्यवस्थापनातलं कोणीतरी असावं म्हणून. तो प्रत्येक बैठकीला यायचा आणि बैठकभर फोनमध्ये बघत बसायचा. मधूनच मान हलवायचा, पण ती आमच्यासाठी की फोनसाठी, हे कधी कळलं नाही.

आमचा पहिला उपक्रम म्हणजे आपापल्या संस्कृतीचा पदार्थ आणण्याचा दिवस. मी यॉर्कशायर पुडिंग नेलं. भट्टीतून टम्म फुगून आलेलं ते डब्यात घालून नेईपर्यंत असं काही बसलं की लोकांना वाटलं मी बशांखाली घालायच्या चकत्या आणल्यात. नसरीनने ट्रायफल आणलं, आपण नाताळात करतो तसंच, काचेच्या मोठ्या भांड्यात, खाली केक, वर साय, त्यावर बदामाचे काप. इमोजेनचा चेहरा इतका पडला की मला तिचीच दया आली. ती हळूच म्हणाली, "फारच सुंदर आहे, नसरीन, पण मला वाटलं होतं तुमच्या घरचं काहीतरी आणाल."

"घरचंच आहे," नसरीन म्हणाली. "आईने शिकवलं. ड्यूजबरीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती ना ती, जन्मभर."

पुढच्या खेपेला मी दुकानातून समोसे आणते, म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार नाही, असंही तिने वर सांगितलं. इमोजेनने ते लिहून घेतलं. क्रेगने काहीच आणलं नव्हतं. निम्मं ट्रायफल त्यानेच संपवलं.

त्यानंतर शांततेची खोली झाली. भांडाराची जुनी खोली रिकामी करून भिंतींना फिकट निळा रंग दिला. तिथे ज्यांना प्रार्थना करायची त्यांनी करावी, ज्यांना ध्यान करायचं त्यांनी करावं, तान्ह्या मुलांच्या आयांनी दूध काढावं, माझ्यासारख्यांनी घाम पुसावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात तिथे विक्री खात्यातला एक लठ्ठ गृहस्थ जेवणानंतर झोपायचा. नसरीन पूर्वीसारखीच फोमच्या थप्प्यांमागे नमाज पढत राहिली, कारण तिथे कोणी घोरत नसे.

आणि मग आला फळा. हा नीट लक्षात घे, आत्या, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. चांगला पुरुषभर रुंद, पांढरा, चाकांवरचा फळा इमोजेनने मागवला आणि कामाच्या मोठ्या दालनात दाराशी उभा केला. दर सोमवारी ती त्यावर रंगीत अक्षरांत एक सुविचार लिहायची. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सुविचाराखाली रग्बीच्या सामन्याचे गुण लिहून ठेवले. तेव्हापासून खालच्या कोपऱ्यात पक्क्या शाईची एक ओळ आली: 'या फळ्यावर दुसरं काही लिहू नये.'

ते गुण लिहिणारा माणूस म्हणजे डगी ऍक्रॉइड. आता याच्याबद्दल सांगायलाच हवं, आणि सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं. डगी सोफ्यांना कापड चढवणारा कारागीर, आमच्याकडचा सगळ्यात जुना. हाताने चांगला, तोंडाने वाईट. फ्रीजमध्ये माझं नाव लिहिलेली दुधाची बाटली असायची, ती तो रिकामी करून परत तशीच उभी ठेवायचा, म्हणजे सकाळी उचलल्यावरच कळावं. बायकांनी लॉरी मागे घेतली की तो काम थांबवून बघायला यायचा. आमच्या समितीला त्याने 'गेनरचं भजनी मंडळ' असं नाव दिलं होतं आणि मी समोरून गेले की तो टाळ वाजवल्यासारखे हात करायचा. असा माणूस. त्याच्यावर अन्याय व्हावा, ही माझ्यावर नियतीने केलेली कुरघोडीच म्हणायची.

तर डगीचे कान गेले होते. आयुष्यभर पिना मारायच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. कानात यंत्रं घालायचा, पण धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्याखाली त्या यंत्रांतून त्याला फक्त पंखाच ऐकू यायचा, तोही दुप्पट. आणि क्रेग रोज सकाळची बैठक घ्यायचा ती नेमकी त्या पंख्याखाली, उभ्याने, कारण उभ्याने घेतलेली बैठक लवकर संपते असं तो कुठेतरी शिकून आला होता. बोलताना येरझाऱ्या घालायचा. म्हणजे निम्मं बोलणं आमच्याकडे तोंड करून आणि निम्मं भिंतीकडे. डगीने पहिल्यांदा आपल्या रीतीने सांगून पाहिलं. "पोरा, तोंड इकडे करून बोल, नाहीतर लिहून दे," असं सगळ्यांसमोर. क्रेग म्हणाला, "ठीक आहे, आजोबा," आणि भिंतीकडे वळून बोलत राहिला.

मग डगीच्या बायकोने, जीनने, त्याला सरळ मार्गाने जायला लावलं, आणि त्याचं म्हणणं रीतसर आमच्या भजनी मंडळापुढे आलं. रोजच्या कामात काही बदल असेल तर तो कुठेतरी लिहून ठेवा, एवढंच. मी म्हटलं, फळा आहेच की, सुविचाराखाली हातभर जागा रिकामी असते, रोज एक ओळ लिहिली की झालं. इमोजेनने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की फळा मूल्यांसाठी आहे, कामासाठी नाही. क्रेगने त्या दिवशी प्रथमच फोनमधून मान वर केली. "रोज लिहीत बसलो तर सोफे कोण करणार? आणि त्याला हवं तेव्हा बरं ऐकू येतं. चहाची घंटा कशी ऐकू येते?"

सगळे हसले. चहाच्या घंटेबरोबर भिंतीवर लाल दिवा लागतो, आणि डगी तो दिवा बघून उठतो, हे मी सांगितलं. पण तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. आत्या, तू म्हणशील की हा युनियनकडे का गेला नाही. युनियनची वर्गणी भरण्यापेक्षा बिअर प्यायलेली बरी, असं हा सगळ्यांना ऐकवत फिरायचा, म्हणून.

त्यानंतर स्कॉटलंडच्या हॉटेलचं काम आलं. हॉटेल मोठं, जुनं, आणि तिथे मुख्यतः दफनविधीनंतरची जेवणं होतात, म्हणून त्यांना सोफे करड्या रंगात हवे होते. मूळ मागणी मोहरीच्या पिवळ्या मखमलीची होती, पण मालकिणीला उशिरा सुबुद्धी झाली आणि रंग बदलला. क्रेगने तो बदल सकाळच्या बैठकीत सांगितला. पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून. डगीने आदल्या दिवशीचा कागद बघून सगळे सोफे पिवळे केले, आणि तेही असे झकास की एकाही कोपऱ्याला सुरकुती नाही. मी ते लॉरीत भरून पाठवले, कारण माझ्या कागदावर फक्त आकडा असतो, रंग नसतो. हॉटेलच्या व्यवस्थापकाचा मला फोन आला. तो ओरडला नाही. तो म्हणाला की दालनात आत्ता एका शोकाकुल कुटुंबाला बसवलं आहे आणि ते सगळे सूर्यफुलांच्या शेतात बसल्यासारखे दिसताहेत.

सोफे परत आले. क्रेगने डगीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं, आणि सूचना पाळत नाही, संघाशी जुळवून घेत नाही, असं म्हणून कामावरून काढलं. आणि आत्या, हे मी लिहिताना हसू की काय करू ते मला अजून कळलेलं नाही, पण डगीला ते ऐकूच आलं नाही. त्याला वाटलं, ओरडून घेतलंय, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन नेहमीसारखा कामावर आला, टोपी खुंटीला अडकवली, आणि पिना मारायला लागला. सगळ्यांनी आपापल्या यंत्रात डोकं घातलं. शेवटी क्रेग खाली आला, दोन-तीनदा बोलला, डगी "काय?" म्हणत राहिला, तेव्हा क्रेगने खिशातून कागद काढून त्यावर लिहून दिलं की तुला कालच काढलं आहे. एवढ्या दिवसांत त्याला मिळालेली ती पहिली लेखी सूचना. डगीने ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, टोपी घेतली आणि गेला. दाराशी फळा होता. त्या आठवड्याचा सुविचार होता: 'इथे प्रत्येकाचं ऐकलं जातं.'

त्याच आठवड्यात आम्हाला पुरस्कार मिळाला. समावेशनासाठी, आसपासच्या सगळ्या कारखान्यांतून. हॅरोगेटला मोठ्या हॉटेलात जेवण होतं आणि अध्यक्ष म्हणून मंचावर मला जावं लागलं. काचेचं थेंबासारखं काहीतरी हातात दिलं, फोटो काढला. फोटोत मी दात दुखत असल्यासारखी दिसते. घरी आल्यावर रॉयने विचारलं, जेवण कसं होतं. मी म्हटलं, मासा होता, आणि वर जाऊन झोपले.

पुढे बरेच दिवस काही नाही. मग एका शनिवारी बाजारात, गोठवलेल्या भाज्यांच्या पेटीपाशी, डगी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात वाटाण्याची पिशवी. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"काय झालं ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग न्यायाधीशापुढे सांगशील? जीन म्हणते सांगशील. मी म्हटलं, ती कसली सांगते, हॅरोगेटला फुकट जेवून आलीय ती."

मी म्हटलं, येईन. तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं, येईन. भाज्यांच्या पेट्यांची घरघर चालू होती. तो म्हणाला, "काय?" तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की "साक्ष द्यायला येईन", की पावाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यात आमच्या कारखान्यातल्या दोघीजणी होत्या. मला नंतर विचार करून काय ते कळवण्याची फार इच्छा होती, पण ती सोय तिथेच संपली. डगीने मान हलवली आणि म्हणाला, "ओरडायला काय झालं?"

सोमवारी इमोजेनने मला चहाला बोलावलं. आल्याची बिस्किटं आणली होती, चांगल्यातली. कायद्याने साक्षीदारावर कसलंही दडपण आणता येत नाही, आणि मी ते आणणारही नाही, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मला चांगलंच दडपण आलं. मग एकाएकी तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तो फळा वापरू द्या, असं मी वर कळवलं होतं, गेनर. एकदाच. ते म्हणाले, आधी पुरस्काराचा अर्ज पुरा कर." मी तिला माझा रुमाल दिला. एकदाच का कळवलंस, हे विचारायचं होतं, पण पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, आणि दमलेली दिसत होती. बिस्किटं मात्र मी खाल्ली.

सुनावणीला वर्षावर काळ गेला. शहरातल्या त्या इमारतीत मी चांगले बूट घालून गेले आणि दिवसभर पस्तावले. न्यायाधीश म्हणजे सर्दी झालेल्या, शाल गुंडाळून बसलेल्या एक बाई, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. बाईंनी सुरुवातीलाच डगीला विचारलं, कुठे बसलात तर तुम्हाला बरं पडेल? डगी म्हणाला, "काय?" कंपनीचा वकील किंचित हसला. बाई थांबल्या. त्याने आपल्याकडे बघेपर्यंत थांबल्या, आणि मग तेच वाक्य, तितक्याच आवाजात, सावकाश पुन्हा म्हणाल्या. मग टेबलं हलवली, त्याला सगळ्यांची तोंडं दिसतील अशी खुर्ची मांडली. एका मुलीने संगणक आणून त्याच्यापुढे ठेवला, जो जे बोलेल ते टंकून त्याला दाखवायला. एका वेळी एकानेच बोलायचं, असं बाईंनी सगळ्यांना बजावलं. हे सगळं व्हायला किटलीतलं पाणी उकळायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

आत्या, मी त्या माणसाला इतकी वर्षं बघत आले, पण तो ऐकतोय असं कधी बघितलं नव्हतं. चेहराच वेगळा दिसायला लागला. कपाळावरची ती कायमची आठी गेली. मला वाटायचं ती स्वभावाची आहे. मागे जीन बसली होती. तिने पर्स उघडली, बराच वेळ आत बघत राहिली, आणि काही न काढता मिटली.

वकिलाने पुरस्काराचा फोटो दाखवला. मग मला विचारलं, "श्री. ऍक्रॉइड तुम्हाला आवडत नाहीत, बरोबर?"

"बरोबर."

"का बरं?"

मी सगळं सांगितलं. दूध, लॉऱ्या, भजनी मंडळ, टाळ. शपथेवर होते, तेव्हा काही राखून ठेवलं नाही. ती मुलगी टंकत होती आणि डगी वाचत होता. वकील खूश दिसला. "म्हणजे असा माणूस संघात ठेवणं अवघडच, नाही का?"

"अवघड होतंच, साहेब. पण माझ्या दुधावरून काढलं असतं तर मी इथे आलेच नसते. त्याला ऐकू आलं नाही म्हणून काढलं."

त्याने कागद चाळले आणि बसला. मग बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं की त्या फळ्यावर एक ओळ लिहिण्याएवढी जागा होती का. मी म्हटलं, भरपूर. श्री. ऍक्रॉइडना काढलं त्या आठवड्यात त्यावर काय लिहिलेलं होतं? मी सांगितलं. आणि त्याखाली? तेही सांगितलं. टंकणाऱ्या मुलीला ते नीट ऐकू गेलं नाही म्हणून बाईंनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं, "फळ्यावर दुसरं काही लिहू नये." ते पडद्यावर उमटलं, डगीने वाचलं, आणि तो हसायला लागला. आपला आवाज किती चढलाय हे त्याला कळत नाही, त्यामुळे सगळं दालन दणाणलं. कोणीही त्याला गप्प केलं नाही. क्रेग टेबलाकडे बघत होता.

निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच्यासाठी सहज करता येण्याजोगी सोय केली नाही आणि त्याच्या बहिरेपणातून जे घडलं त्यासाठीच त्याला काढलं, असं बाईंनी लिहिलं. 'आजोबा' म्हटल्याबद्दलची वयाची तक्रार मात्र फेटाळली, कारण तोही क्रेगला रोज 'पोरा' म्हणत होता आणि ती दोघांची परस्परांची सवय दिसते, असं त्यांचं मत पडलं. आपण जिंकलो याचा आनंद डगीला किती झाला कोण जाणे, पण या एका मुद्द्याचा राग अजून गेलेला नाही. माझे आभार मानायला जीनने त्याला ढकलत माझ्यापर्यंत आणलं होतं. तो म्हणाला, "तू पुटपुटतेस फार. ती मुलगी नसती तर मला काही कळलंच नसतं." आता तो कॅरव्हानच्या, म्हणजे त्या चाकांवरच्या घरांच्या, गाद्या शिवणाऱ्या एका माणसाकडे कामाला जातो. शेडमध्ये दोघंच असतात, पंखा नाही, आणि म्हणे दोघं दिवसभर भांडतात, तेव्हा छान चाललं असावं.

क्रेगची बढतीवर दुसरीकडे बदली झाली. इमोजेन एका बँकेत गेली, जाताना मला मिठी मारून रडली. काचेचा थेंब स्वागतकक्षात कुंडीमागे सरकवला आहे. आणि मी आहे तिथेच आहे, फक्त आता मला कोणी काही म्हणत नाही. म्हणजे अक्षरशः काही म्हणत नाही. साक्षीदाराला त्रास देणं हाही गुन्हा, असं कोणीतरी सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसवलंय. परवा हेक्सहॅमची लॉरी मी चुकून हल शहराला पाठवली, तर वरून मला मोकळेपणाने कळवल्याबद्दल आभाराचा निरोप आला. मी कँटीनमध्ये शिरले की सगळे हवामानावर बोलायला लागतात. नसरीन तेवढी येऊन समोर बसते. काल मी केलेल्या चहाचा घोट घेऊन म्हणाली, "काय भिकार चहा केलायस, गेनर." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तर असं सगळं. मी दमले आहे, आत्या. न्याय मिळाला हे खरं, पण त्याने झोप लागते असं नाही. रॉय म्हणतो कुठेतरी जाऊन यावं. मी म्हणते, घरीच पडून राहीन, विणकाम करीन, आणि निवृत्तीपर्यंत तोंड उघडणार नाही. तू मात्र तब्येतीला जप, थंडीत बाकावर जाऊन बसू नकोस, आणि त्या कुंपणाचं काय ते मिटवून टाक.

तुझी,
गेनर

ता. क. एक सांगायचं राहिलं. आमच्या लॉरी विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. ते रजेवर गेले की त्यांचं काम मीच बघायची, हे तुला माहीत आहे. मी अर्ज केला होता. जागा बाहेरून आणलेल्या एका पोराला दिली (तो हेक्सहॅम कुठे आहे ते मलाच विचारतो). मला मुलाखतीलाही बोलावलं नाही. का, असं विचारलं तर वरचे गृहस्थ फार मायेने म्हणाले, "तुम्ही एवढ्या सगळ्यातून गेलात, गेनर. तुमच्यावर आणखी ताण येऊ नये, असं आम्हाला वाटलं."

ता. क. २. तेव्हा मी लेखी तक्रार दिली आहे. सुनावणी इथेच, कारखान्यात, पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. सोबत एक सहकारी किंवा युनियनचा माणूस आणता येतो. नसरीन आली असती, पण तिचं नाव मी साक्षीदार म्हणून घातलंय. तू तुझी गिरणी बंद पडल्यावरही युनियनचं कार्ड परत केलं नाहीस, म्हणून मी तुमच्या शाखेत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की तू अजून त्यांची अधिकृत प्रतिनिधी आहेस, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली की अजून प्रत्येक बैठकीला येतेस. हे पत्र त्यासाठी.

ता. क. ३. रॉयला यातलं काही ठाऊक नाही. तू हवापालटासाठी येते आहेस, असं त्याला सांगितलंय. तिकीट सोबत आहे, ते परत होत नाही. येताना काळा कोट घालून ये, तपकिरी नको. तपकिरी कोटात तू मायाळू दिसतेस.